सुरी हातात द्यायची नाही

सुजाता, आज सकाळी तुझं कपाट उघडलं आणि सगळ्यात आधी तुला एक सणसणीत शिवी घातली. मॉडेलच्या खिडकीची एवढीशी पट्टी कापायची होती मला. पण तुझ्या राज्यात पट्टी कापायची म्हणजे आधी कपाटाचं कुलूप काढा, मग खण ओढा, खणातला लाकडी ठोकळा दोन्ही हातांनी बाहेर घ्या, त्यातल्या भोकातून सुरी मुठीला धरून उपसा आणि पात्यावरची रबरी नळीची टोपी बाहेरच्या दिशेने काढा. टोपी निघेपर्यंत मी काय कापायला बसले होते तेच विसरले. सगळ्या सुऱ्या टोप्या घालून आपापल्या भोकात मुकाट उभ्या होत्या. तू गेलीस हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं बहुतेक.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदनेनंतर जो तो उठून तुझ्याबद्दल चांगलं बोलत होता. शांत होत्या, मायाळू होत्या, कुणाला दुखावलं नाही. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते की ही कोणत्या सुजाताबद्दल बोलतायत. मला कुणी बोल म्हटलं नाही ते बरं झालं. मी उठून सांगितलं असतं की या बाईने मला सव्वीस वर्षं सुखाने एक ब्लेड बदलू दिलं नाही, आणि म्हणून माझी दहाही बोटं जागेवर आहेत. तेव्हा जे राहिलं ते इथे बोलते. तसंही आपलं बोलणं याच टेबलावर व्हायचं.

आपली पहिली भेट आठवते ना? सदरमधलं ते आर्किटेक्टचं ऑफिस, आणि मागच्या बाजूची मॉडेल बनवायची खोली. पंखा लावला तर पुठ्ठे उडायचे आणि बंद केला तर आपण शिजायचो. तू तिथली जुनी, मी पहिल्याच दिवशी आलेली. तू सुरी मागितलीस, मी ती टेबलावर ठेवली, मूठ तुझ्याकडे करून. तुझ्या हातात दिली नाही. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं कुणी हरवलेली बहीण सापडल्यावर पाहतं. म्हणालीस, कुठे शिकली हे? मी अभिमानाने सांगितलं की आमच्या काटोलकडे घरोघरी असंच करतात; सुरी, कात्री, मीठ, मिरची एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं, असं आई म्हणते.

तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे तू बरोबर केलं, पण काहून केलं ते साफ चुकलं," तू म्हणालीस. आणि मग जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मला ऐकवलंस. एका पात्यावर दोन हात आले की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने धरलं आहे, म्हणून सुरी टेबलावर ठेवायची. भांडणाचा काय संबंध? तुझ्या वडिलांनी छप्पनला दीक्षा घेतली तेव्हा असल्या सगळ्या समजुती उंबरठ्याबाहेर टाकल्या होत्या, आणि आता त्यातली एक माझ्या बोटाला धरून ऑफिसात परत आली होती. तुला ते सहनच होईना. मी म्हटलं, अगं पण सुरी टेबलावरच ठेवते ना मी, तुला कारणाशी काय करायचं? तू म्हणालीस, कारण चुकीचं असलं की माणूस एक दिवस काम पण चुकीचं करते.

बस. तिथून जो वाद लागला तो आजतागायत मिटलेला नाही. ऑफिस सुटलं, तुझ्या नंदनवनच्या घराच्या खालच्या खोलीत आपण आपलं वर्कशॉप थाटलं, तुझी पोरं मोठी होऊन पुण्याला गेली, माझे गुडघे गेले, आणि वाद आपला तसाच. एकदा तर तू प्रयोग केलास. आठवडाभर प्रत्येक सुरी टोपी घालून, मूठ पुढे करून, माझ्या हातात द्यायचीस. डब्यातलं मीठसुद्धा मुद्दाम हातात. आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचीस, भांडण होतं का ते. आठवडा संपायच्या आत झालंच! त्या शाळेच्या इमारतीचा जिना तू उलट्या बाजूला लावलास आणि आपण दुपारभर एकमेकींशी बोललो नाही. मी म्हटलं, बघ. तू म्हणालीस, हे भांडण जिन्यामुळे झालं, सुरीमुळे नाही. मी म्हटलं, जिना कशाने कापला? आता तुला उत्तर देता येत नाही, तेव्हा मी जिंकले असं धरते. धरू दे.

तुझे नियम मला तेव्हा जाच वाटायचे आणि आता ते माझ्या अंगातून जात नाहीत. कटर हातातून खाली ठेवलं की पातं आत. एक रेघ मारली, आत. पुन्हा घेतलं, बाहेर, रेघ, आत. मान खाजवायला हात वर नेला तरी आधी पातं आत. आपल्या खोलीत दिवसभर ती टिकटिक चालायची. बोथट पात्याचा तर तुला भारी राग. धारदार पातं सांगाल तिथे जातं आणि बोथटाला जोर लावावा लागतो, मग ते सटकून वाटेल तिथे जातं, हे तू येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचीस. कुरिअरवाल्यालाही सांगितलं होतंस. त्या बिचाऱ्याने पाकीट दिलं आणि पळाला.

आणि तुटक्या ब्लेडांचा तो चहाचा डबा. झाकणाला चीर पाडलेली, त्यातून ब्लेड आत टाकायचं, बाहेर काही निघत नाही. भरला की झाकणाभोवती टेप गुंडाळायचीस आणि वर मोठ्या अक्षरांत लिहायचीस, आत ब्लेड आहेत. मी एकदाच, एकदाच बरं का, एक मोडकं टोक कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकलं, तर तू पिशवी रस्त्यावरून परत आणलीस आणि पसरून शोधत बसलीस. कचरागाडीवरच्या बाईने ती पिशवी उघड्या हाताने सोडायची असते, हे तू काही भाषण देऊन सांगितलं नाहीस. ते टोक सापडेपर्यंत शोधत राहिलीस, आणि मग मीही तुझ्याशेजारी खाली बसले.

पण तुझा सगळ्यात लाडका नियम म्हणजे, पडणारी सुरी झेलायची नाही. हात वर, पाय मागे, पडू द्यायची. म्हणूनच तर वर्कशॉपमध्ये पायात बंद बूट लागायचे, चपलेला बंदी. हा नियम तू माझ्याकडून इतका घोटून घेतलास की घरी पोळपाट निसटला तरी मी हात वर करून मागे सरकायचे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिला पोलिसांनी पकडलं का काय.

आणि त्याच नियमाने आपली ती फजिती केली. मनीषनगरच्या त्या बिल्डरचं मॉडेल आठवतंय ना? तीन टॉवर, मधे बगीचा, पोहण्याचा तलाव, खाली निळा कागद लावून केलेला. तयार झालं तेव्हा आपण दोघींनी त्याच्यावरून हात फिरवला होता, कुणी बघत नाही असं पाहून. बिल्डर बघायला आला, खूश झाला, आणि खुशीत टेबलाला टेकला. टेबल कललं. मॉडेल सरकायला लागलं. इतकं सावकाश सरकत होतं ते, की एका हातानेसुद्धा थांबवता आलं असतं. आणि आपण दोघींनी काय केलं? हात वर, पाय मागे. दोघी अगदी एकदम, कवायत असल्यासारख्या. उभ्या राहून आपलं महिन्याभराचं काम जमिनीवर आपटताना बघितलं. बिल्डरने तेवढी झडप घातली, तर त्याच्या हातात गच्चीवरची पाण्याची टाकी आली.

मग तू म्हणालीस, "बरं झालं, कोणाले लागलं नाही."

बिल्डर टाकी हातात धरून म्हणाला, मॅडम, ती सुरी नव्हती. तू त्याच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि खाली बसून जी हसायला लागलीस. मी बसले. शेवटी तोही बसला. आपण तिघं मोडक्या टॉवरांमध्ये बसून डोळे पुसत होतो आणि वरून तुझ्या नवऱ्याने, भाऊजींनी, विचारलं की खाली कोण रडून राहिलं. ते मॉडेल पुन्हा करायला आपल्याला किती त्रास झाला हे मला ठाऊक आहे, पण त्रास आठवत नाही, हसणंच आठवतं.

आता जे बोलायचं राहिलं ते.

तुझा एक नियम होता तो आपण फार कमी वापरायचो. ज्याचा हात आज ठीक नाही, त्याने आज सुरी धरायची नाही. ताप असो, जागरण असो, घरी कुणाशी वाजलेलं असो. आणि ज्याचा हात ठीक नसतो त्याला ते कळत नाही, म्हणून दुसरीने सांगायचं, 'आज नाही.' ऐकणारीने का म्हणून विचारायचं नाही, सुरी खाली ठेवायची. माझा दादा गेला त्या आठवड्यात तू मला हे सांगितलं होतंस. मला इतका राग आला होता तुझा. काम केलं असतं तर मन रमलं असतं असं वाटलं होतं. तू मला गोंद लावायला बसवलंस आणि दिवसभर इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत राहिलीस. तुझी ती पाण्याच्या टाकीवरून शेजारच्या बायांशी झालेली भांडणं, सगळी त्याच दिवशी ऐकली मी.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर तू खिडक्या कापत होतीस. तुझ्या खिडक्या म्हणजे खिडक्या. कोपरा कधी एक केसभर पुढे जायचा नाही. त्या दिवशी जात होता. मी पाहिलं, स्टीलच्या पट्टीवर पातं बारीक वाजत होतं. तू हात दाबून धरलास, पुन्हा कापलंस, पुन्हा वाजलं. तू मान वर केली नाहीस. मला कळलं की हे आजचं नाही आणि तुलाही ते माहीत आहे. मला वाटलं, मी बोलले नाही तर ती कापत राहील, आणि कधीतरी बोट जाईल. आणि बोलले तर हिचं काय जाईल ते मला ठाऊक होतं.

"सुजाता," मी म्हटलं, "आज नाही."

तू का म्हणून विचारलं नाहीस. टोपी घातलीस, सुरी भोकात ठेवलीस, हात धुतलेस आणि आतल्या जिन्याने वर गेलीस. दुसऱ्या दिवशी खाली आली नाहीस. तिसऱ्या दिवशीही नाही. भाऊजी कपाटाची किल्ली देऊन गेले आणि सांगून गेले की डॉक्टर म्हणतात, हाताचा कंप आता असाच राहील, वाढेलही थोडा.

ते दिवस फार वाईट गेले माझे. तू वर चालायचीस ते मला खाली ऐकू यायचं, धाडधाड, जड पावलं. मी समजत होते, रागावून चालतेय. दोनदा जिन्यापर्यंत आले आणि परत फिरले. वर येऊन काय सांगणार होते? चल खाली, म्हणून? आणि खाली आल्यावर तू करणार काय, बसून माझं कापणं बघणार? ज्या बाईने मला सुरी कशी धरायची ते शिकवलं तिच्या हातातून मीच सुरी काढली होती. नियम तुझा होता, पण बोलले मी होते. वर्कशॉप बंद करावं इथपर्यंत माझं मन गेलं. तू नसताना त्या खोलीत मी फक्त पुठ्ठा कापणारी बाई होते.

मग एके दुपारी मला सुचलं. जिन्याचं दार उघडं टाकलं. कटर घेतलं, पातं पूर्ण बाहेर काढलं, टिक टिक टिक टिक, चांगलं जोरात. एक रेघ मारली. आणि कटर तसंच, उघडंच, टेबलावर ठेवून हाताची घडी घालून बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं झोपली असशील. मग वरचं दार वाजलं आणि धाडधाड पावलं जिन्यावर आली.

"काहून वं मंदे, कटर बंद नाही केलं तू?"

विसरले, मी म्हटलं. तू कटर उचललंस, पातं आत सरकवलंस, आणि माझी जी खरडपट्टी काढलीस, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. बोलता बोलता तू खुर्ची ओढून बसलीस. समोर तारांचा आणि स्पंजाचा ढीग पडला होता, झाडं करायची होती. तू एक तार उचलून पिळायला लागलीस. हात थरथरत होता, तार वाकडी झाली. त्यावर हिरव्या स्पंजाचा चुरा लावलास, तोही कुठे दाट कुठे विरळ पडला. आपण दोघी त्या झाडाकडे बघत राहिलो. सुजाता, आपण इतकी वर्षं झाडं केली, सगळी छत्र्यांसारखी एकसारखी. हे पहिलं झाड होतं जे कडुनिंबासारखं दिसत होतं.

त्यानंतरची दोन वर्षं मला कुणी मागून दिली असती तरी इतकी छान मागता आली नसती. सकाळी तू कपाट उघडून मला सुरी काढून ठेवायचीस, टेबलावर, मूठ माझ्याकडे. संध्याकाळी परत घ्यायचीस, टोपी हलवून बघायचीस, कुलूप लावायचीस. स्वतः कापायचं नाही म्हटल्यावर तुझी जरब दुप्पट झाली होती, कारण आता दोन्ही डोळे माझ्या बोटांवर. आणि तुझ्या झाडांचं तर नाव झालं. एक नवा पोरगेला आर्किटेक्ट म्हणाला होता ना, मावशी, आता लेझर मशीनवर तासाभरात सगळं कापून मिळतं. तू म्हणालीस, घे ना कापून, मग झाडं लावाले इकडे आण. आणि त्याने खरंच आणलं. तुझा हात जितका जास्त थरथरायला लागला तितकी झाडं सुंदर व्हायला लागली. शेवटी शेवटी तर तू बाभळी करायचीस.

पण त्या दिवसांबद्दल आपण कधी बोललो नाही. मी बरोबर केलं की तुला तोडलं, हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. कटरचं तर मी तुला सांगितलंच नाही. मला भीती वाटायची की मी तुला फसवून खाली आणलं असं तुला वाटेल.

आज सकाळी भाऊजी किल्ली घेऊन खाली आले. त्यांच्या दुसऱ्या हातात तुझे बूट होते, ते काळे, नाड्यांचे, वर्कशॉपचे. म्हणाले, मंदाताई, हे इथंच राहू द्या, वर ठेवून मी काय करू? मी म्हटलं, वर कसे गेले हे, ती तर आधी इथेच सोडायची. ते टेबलाला टेकले, दोन वर्षांपूर्वी तू वर नेलेस तेव्हापासून बूट वरच असतात म्हणाले, आणि मग त्यांनी मला सांगितलं. ते सगळे दिवस, तू खाली येत नव्हतीस तेव्हा, रोज सकाळी दहाला तू हे बूट घालायचीस. हात थरथरायचा, नाड्या बांधायला तुला अर्धी सकाळ लागायची. ते म्हणायचे, मी बांधून देतो, तर हात लावू द्यायची नाहीस. बूट घालून जिन्याच्या दारापाशी खुर्ची टाकून बसायचीस आणि खालची टिकटिक ऐकत राहायचीस. मधेच उठून येरझाऱ्या घालायचीस. संध्याकाळी नाड्या सोडायचीस, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचीस. ते विचारायचे, बूट घातले आहेत तर जात काहून नाही? तू म्हणायचीस, तिनं थांबवलं, तिनंच बोलवावं.

मी त्यांना विचारलं, मग त्या दिवशी? मी कटर उघडं ठेवलं त्या दिवशी?

भाऊजी हसायला लागले. म्हणाले, टिकटिक थांबली, तिनं जरा वाट पाहिली, बंद झाल्याचा आवाज आला नाही. मग खुर्चीतून उठली आणि मले म्हणते कशी,

"आली बाप्पा एकदाची अक्कल मंदीले."

उशिरा आली, सुजाता. पण आली.